शहाबादी फरशी आणि घाट उतरून येणारं पोतं

गोव्यातल्या जुन्या घरांच्या मागल्या अंगणात, न्हाणीपाशी, तुळशीवृंदावनाभोवती एक निळसर-राखाडी फरशी हमखास दिसते. शहाबादी. कडा झिजलेल्या, मधोमध पाण्याने गुळगुळीत. बाथरूम साफ करायचं अ‍ॅसिड तिच्यावर सांडलं की फसफसतं आणि तेवढा भाग कायमचा पांढरा पडतो. फरशी चुनखडकाची, म्हणून हे होतं. कर्नाटकात भीमेच्या खोऱ्यात शहाबाद, वाडी, मळखेड, सेडम असा या खडकाचा पट्टा पसरलेला आहे. वरच्या पातळ थरांच्या लाद्या निघतात, आणि त्याच पट्ट्यातला दगड फोडून, भाजून, दळून सिमेंट होतं. म्हणजे अंगणातली फरशी आणि माथ्यावरचा स्लॅब हे बऱ्याचदा एकाच गावचे पाहुणे.

पाहुणे म्हणायचं, कारण सिमेंटची भट्टी लावावी एवढा चुनखडक गोव्यात नाही. हिशोब सरळ आहे. 1 टन क्लिंकरला (भट्टीतून निघणारे गोळे, जे दळून सिमेंट होतं) साधारण दीड टन चुनखडक लागतो. वर्षाला 10 लाख टन क्लिंकर काढायचं आणि कारखाना 40 वर्षं चालवायचा, तर पायाखाली 6 कोटी टन तरी चांगला दगड हवा, आणि तोही एका जागी. आपल्याकडे जमिनीत जांभा आहे, लोहखनिज आहे, आणि चुना हवा असेल तर खाडीतले शिंपले. शिंपले भाजून केलेल्या चुन्यावरच इथली देवळं, चर्चेस आणि भाटकारांची, म्हणजे जमीनदारांची, घरं उभी राहिली. तो धंदा हाताच्या अंतरावरचा. खाडी जवळ, लाकूड जवळ, गिऱ्हाईक जवळ. सिमेंटमध्ये या तिन्ही गोष्टी एकमेकींपासून शेकडो किलोमीटर दूर असतात, आणि माझ्या मते सिमेंट कंपन्यांच्या इतिहासातल्या बहुतेक मोठ्या घडामोडी याच अंतराभोवती फिरतात. भांडवल, मालक, ब्रँड हे सगळं आहेच, पण खरा मालक वाहतुकीचं भाडं.

भारतात सिमेंट करण्याचा पहिला प्रयत्न 1904 मध्ये मद्रासला झाला. तो टिकला नाही. पहिला चाललेला कारखाना पोरबंदरचा, 1914 सालचा. मग कटनी आणि बुंदी संस्थानातलं लाखेरी. पहिल्या महायुद्धात विलायती माल यायचा बंद झाला आणि देशी सिमेंटला भाव आला. तो भाव बघून युद्धानंतर भराभर कारखाने निघाले, आणि 1924 पर्यंत कारखान्यांची क्षमता प्रत्यक्ष उत्पादनाच्या दुपटीवर गेली. एकमेकांचे भाव पाडणं सुरू झालं. त्या वेळच्या टॅरिफ बोर्डापुढे जी तक्रार आली तिचं मूळ नीट समजून घेण्यासारखं आहे. कारखाने दगडाजवळ, म्हणजे देशाच्या पोटात. कोळसा बंगाल-बिहारमधून त्यांच्यापर्यंत न्यायचा, आणि तयार माल तिथून मुंबई-कलकत्त्याला. उलट परदेशी सिमेंट जहाजाने थेट बंदरात उतरायचं. किनाऱ्यावरच्या गिऱ्हाइकाला आपल्याच देशातला माल लांबचा आणि साता समुद्रापलीकडचा जवळचा.

यातून आधी 1925 मध्ये उत्पादकांची संघटना निघाली, 1927 मध्ये काँक्रीटचा प्रचार करणारी कॉंक्रीट असोसिएशन, आणि 1930 मध्ये सामायिक विक्रीसाठी सिमेंट मार्केटिंग कंपनी. विक्री एक झाली, पण कारखाने वेगवेगळ्या मालकांचे. प्रत्येकाला ठरलेला वाटा हवा. त्यामुळे एकाच्या दाराशी दुसऱ्याचा माल जातोय आणि दुसऱ्याच्या दाराशी पहिल्याचा, अशा गाड्या एकमेकींना रुळांवर भेटत राहिल्या. हे वायफळ भाडं वाचवायचं तर मालकीच एक व्हायला हवी, हे ज्याने पुरतं ओळखलं तो मुंबईचा पारशी सॉलिसिटर आणि वित्ततज्ज्ञ एफ. ई. दिनशॉ. टाटा, खटाव, किलिक निक्सन आणि स्वतःचा गट अशा चार घराण्यांना त्याने एका टेबलाशी आणलं. 1 ऑगस्ट 1936 रोजी दहा कंपन्या मिळून असोसिएटेड सिमेंट कंपनीज, म्हणजे आपली एसीसी, जन्माला आली. दिनशॉ मात्र त्याच वर्षाच्या सुरुवातीला वारला होता. नौरोजी सकलातवाला पहिले अध्यक्ष झाले.

त्या दहांत एक नाव शहाबाद सिमेंटचं होतं. निजामाच्या राज्यातला हा कारखाना. पोरबंदर, कटनी, बुंदी, ग्वाल्हेर, ओखा, कोइंबतूर यांच्या रांगेत तो बसला, आणि पुढे 1968 मध्ये त्याच पट्ट्यात वाडीचा कारखाना आला. गोव्यात उतरणाऱ्या सिमेंटची वंशावळ शोधायची झाली तर ती या दोन गावांपाशी जाऊन थांबते. एकत्र येऊनही शांतता झाली असं नाही. एसीसी झाल्यावर दालमियांनी आपले कारखाने काढले आणि पुन्हा भावयुद्ध पेटलं. काही वर्षांनी दोघांनी विक्रीपुरता तह केला. धंद्यात असे तह गिऱ्हाइकाला विचारून होत नाहीत.

आता भट्टीत काय होतं ते पाहिल्याशिवाय पुढचा इतिहास कळणार नाही. खाणीतला दगड फोडून, त्यात चिकणमाती आणि लोहाची कमतरता भरून काढायला थोडा जांभा किंवा लोहखनिज घालून पिठासारखं दळतात. (हो, जांभासुद्धा. आपण ज्याचे चिरे रचतो, तो तिथे चिमूटभर मसाला म्हणून जातो.) हे पीठ शंभर मीटरच्या आसपास उंच असलेल्या मनोऱ्याच्या माथ्यावरून सोडतात. खालून भट्टीची गरम हवा वर येते, पीठ एकाखाली एक बसवलेल्या पाच-सहा सायक्लोनमधून (हवा आणि पीठ वेगळं करणारे नरसाळ्यासारखे डबे) खाली येतं, आणि एखाद्या मिनिटाच्या आत 850 ते 900 अंशांपर्यंत तापतं. या टप्प्यावर शुद्ध चुनखडक आपल्या वजनाच्या 44 टक्के कार्बन डायऑक्साइड सोडून देतो. मग पीठ फिरत्या भट्टीत शिरतं. ही म्हणजे चार-पाच मीटर व्यासाची, किंचित उतरती बसवलेली, आतून विटा लावलेली लोखंडी नळी. ती मिनिटाला तीन-चार फेरे घेते. तिच्या खालच्या तोंडाशी ज्योत, आणि तिथे माल 1450 अंशांना पोचून अर्धवट वितळतो. बाहेर पडतात ते सुपारीपासून लिंबाएवढे काळपट गोळे. क्लिंकर ते हेच.

ते झपाट्याने थंड करावे लागतात. सावकाश थंड केले तर लवकर ताकद देणारं संयुग मोडतं आणि माल मऊ, धुळीचा निघतो. पीठ नीट भाजलं नाही तर मोकळा चुना उरतो. तो दीड टक्क्यापर्यंत चालून जातो, दोनच्या वर गेला की सिमेंट घट्ट झाल्यावर आत फुगतो आणि प्लास्टरला जाळीसारखे तडे देतो. क्लिंकर दळताना 3 ते 5 टक्के जिप्सम घालतात. ते कमी पडलं तर सिमेंट पाणी लागताच थापीवरच आवळतं. गिरणी फार तापली तर जिप्सममधलं पाणी उडतं आणि मिश्रण पाच-दहा मिनिटांत खोटंच घट्ट होतं. अशा वेळी गवंडी वरून पाणी ओततो. खरा उपाय उलटा आहे: पाणी न घालता पुन्हा जोरात घोटायचं, ते सैल होतं.

भट्टीची दुखणी वेगळी. इंधनातला गंधक आणि कच्च्या मालातला अल्कली व क्लोराइड खालच्या सायक्लोनमध्ये चिकटून बसतात आणि वाट बुजवतात. मग गरम पिठाच्या लोंढ्यासमोर उभं राहून माणसांना सळईने ती मोकळी करावी लागते. कारखान्यातल्या जोखमीच्या कामांत याचा नंबर वर लागतो. भट्टीत आतून कडं धरलं की मालाची वाट अडते. विटा पडल्या की बाहेरचं कवच लाल होतं. एरवी 300 अंशांच्या आसपास असणारं कवच 450 च्या पुढे गेलं की भट्टी थांबवायची. थंड करायला एक-दोन दिवस, विटा लावायला आठवडाभर, पुन्हा तापवायला दीड दिवस. म्हणून सिमेंट कंपनी भट्टी सहजी बंद करत नाही. मागणी असो नसो, वर्षातले 330 दिवस ती जळत राहावी लागते, आणि विटांची मोठी दुरुस्ती जमेल तितकी पावसाळ्यावर ढकलली जाते. आपल्याकडे बांधकामं थंडावतात तेव्हा तिकडे भट्टी थंड करायची सोय होते.

पूर्वी पीठ पाण्यात कालवून भट्टीत सोडत. त्या ओल्या पद्धतीत 1 किलो क्लिंकरला 1300 ते 1600 किलोकॅलरी उष्णता लागे, आजच्या कोरड्या पद्धतीत 700 ते 750 पुरते. कंपनीच्या वाढीची खरी नोंद ताळेबंदापेक्षा या आकड्यात सापडते. पण हा बदल व्हायला इथे फार वर्षं लागली, आणि त्याला सरकारी नियंत्रण जबाबदार आहे.

नियंत्रणाच्या काळात सिमेंटचा भाव सरकार ठरवायचं आणि वाहतूक खर्चाची एक सामायिक पुंजी असायची. त्यामुळे कारखान्याच्या शेजारच्या गावाला आणि घाटाखालच्या गावाला कागदावर भाव सारखाच. गोव्याला हे सोयीचं वाटावं, पण भाव समान ठेवून माल मिळेल याची हमी कोणी दिली नव्हती. परमिट, रांगा, पोत्यात राख मिसळण्याच्या तक्रारी. कंपनीलाही दूरच्या गिऱ्हाइकाजवळ जायचं किंवा भाडं वाचवायचं काही कारण उरलं नाही, कारण ते सामायिक पुंजीतून भरून निघत होतं. शेजारच्या महाराष्ट्रात तर सिमेंटच्या कोट्यावरून मुख्यमंत्री अंतुले यांना जानेवारी 1982 मध्ये पायउतार व्हावं लागलं. त्याच वर्षी 28 फेब्रुवारीला नियंत्रण अर्धवट सैल झालं: जुन्या कारखान्यांनी दोन तृतीयांश लेव्ही (सरकारी भावाने द्यायचा माल) द्यायची, नव्यांनी निम्मी, बाकीचं खुल्या बाजारात. 1 मार्च 1989 ला उरलेलंही गेलं. त्या सात वर्षांत देशाची क्षमता जवळपास दुप्पट झाली.

भाडं पुन्हा किमतीत आल्यावर कंपन्यांना बुद्धी सुचली. गुजरात अंबुजाने 1986 मध्ये कोडिनारजवळ कारखाना चालू केला आणि 1993 पासून मूळद्वारकाच्या धक्क्यावरून सुटं सिमेंट जहाजात भरून मुंबईकडे पाठवायला सुरुवात केली. 1924 मध्ये विलायती सिमेंट ज्या वाटेने स्वस्त पडत होतं तीच वाट, सत्तर वर्षांनी, देशी मालाला सापडली. दुसरी युक्ती गिरणी भट्टीपासून तोडण्याची. क्लिंकर ओलाव्याने सिमेंटइतकं लवकर बिघडत नाही. ते बाजाराजवळ नेऊन तिथे दळायचं आणि त्यात वीज केंद्राची राख घालायची. 30 टक्के राख आणि 5 टक्के जिप्सम घातलं तर 1 टन क्लिंकरचं दीड टनाच्या वर सिमेंट होतं. वाहायचं एक, विकायचं दीड.

यात फसवणूक आहे असं अजून अनेकांना वाटतं. तसं नाही. राखेतली सिलिका सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याशी संयोग पावते आणि काँक्रीट हळूहळू आणखी घट्ट करते. अट एकच, तिला वेळ आणि ओल द्यावी लागते. साध्या सिमेंटला सात दिवस पाणी मारलं तर राखेच्या सिमेंटला दहा दिवस तरी मारायला हवं. ठेकेदार तिसऱ्या दिवशी गोणपाट उचलतो आणि दोष राखेवर जातो.

मालकांच्या पाट्या तोवर बदलत गेल्या. टाटांनी एसीसीतला आपला हिस्सा शतक सरता सरता विकला, पुढे स्वित्झर्लंडची होल्सिम आली, 2022 मध्ये अदानी. मळखेडचा कारखाना बिर्लांच्या अल्ट्राटेककडे, आणि 2025 मध्ये सेडमचाही. भीमेच्या पट्ट्याचा मोठा भाग म्हणजे आता या दोन घराण्यांची शेजारशेजारची शेतं. त्याशिवाय बागलकोटकडे मुद्दापूर आणि गोकाकजवळ यादवाड इथे गोव्याला जवळचे नवे कारखाने आले.

तिथून माल कसा येतो? रस्त्याने चोर्ला किंवा अनमोड घाट उतरून, नाहीतर रेल्वेने कॅसलरॉक ते कुळे. हा रेल्वेघाट 37 फुटांना 1 फूट एवढा तीव्र. 42 डब्यांची एक रेक म्हणजे सुमारे अडीच हजार टन, 50 हजार पोती. घाट उतरताना चढण्यापेक्षा ब्रेकची चिंता मोठी. मालधक्क्यावर ठरलेल्या तासांत रेक रिकामी केली नाही तर डेमरेज, म्हणजे उशिराचा दंड, लागतो, म्हणून पाऊस असो वा नसो, हमाल पोती उतरवत राहतात. पोत्याच्या तोंडाशी असलेल्या झडपेतून आणि आकड्याने पडलेल्या भोकातून ओल आत शिरते, ती इथेच. पुढे गोदामात नीट ठेवलेल्या सिमेंटचीही ताकद तीन महिन्यांत 20 टक्के, सहा महिन्यांत 30 टक्के उतरते, असा ढोबळ अंदाज धरतात. तो कोरड्या हवेचा. जून ते सप्टेंबर म्हापशाच्या किंवा फोंड्याच्या गोदामात त्याहून कमी वेळ पुरतो. जमिनीपासून वीतभर उंच फळ्या, भिंतीपासून दीड-दोन फूट मोकळी जागा, दहाहून जास्त थर नाहीत, आणि वरून ताडपत्री. आधी आलेलं आधी वापरायचं. एवढं पाळलं तरी पुष्कळ. चवथीच्या आधी घराची डागडुजी काढणाऱ्यांना मात्र नेमकं मे महिन्यात उरलेलं पोतं गळ्यात पडतं.

गोव्याला सिमेंटचा सर्वात महाग धडा मांडवीने दिला. पणजीचा नेहरू पूल 5 जुलै 1986 ला कोसळला. बांधून जेमतेम पंधरा वर्षं झाली होती. काँक्रीटच्या आत ताणून बसवलेल्या तारा खाऱ्या हवेने गंजल्या होत्या. जवळच पणजी-रायबंदरचा दगडी बांध सतराव्या शतकापासून चुन्यात उभा आहे, आणि लोक लगेच म्हणतात, बघा, चुनाच बरा. तुलना चुकीची आहे. त्या बांधात लोखंडच नाही, मग गंजणार काय? कमानी दाबावर उभ्या असतात. लांब गाळा टाकायचा तर पोलाद हवं, आणि पोलाद खाऱ्या पाण्यापासून वाचवायचं काम काँक्रीटच्या जाडीचं आणि घट्टपणाचं. भारतीय मानक 456 आज सांगतं की समुद्राच्या फवाऱ्यात असलेल्या कामाला किमान एम-35 (एम म्हणजे काँक्रीटच्या ताकदीची प्रत) काँक्रीट, घनमीटरला किमान 340 किलो सिमेंट, पाणी सिमेंटच्या फार तर 0.45 पट, आणि सळईवर 50 मिलिमीटर आवरण. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात एम-40, 360 किलो, 0.40 आणि 75 मिलिमीटर. मिरामार किंवा कोलव्याच्या बाजूला बांधलेल्या बंगल्यांच्या गच्चीखाली सळ्या उघड्या पडलेल्या दिसतात. तिथे सिमेंट कमी पडलेलं क्वचितच असतं, पाणी जास्त आणि आवरण वीस मिलिमीटर. 50 किलोच्या पोत्याला 22 लिटर पुरे असतं तिथे बादलीने 35 जातं.

अशा जागी स्लॅगचं सिमेंट चांगलं. लोखंडाच्या भट्टीतला मळ पाण्याने झटकन थंड करून, दळून, 25 ते 70 टक्क्यांपर्यंत मिसळतात. त्याची छिद्रं बारीक, क्लोराइड आत सरकायला अडचण. आता हा स्लॅग येतो कुठून ते बघा. मुरगावला जहाजातून कोळसा उतरतो. तो गोव्यातून, धूळ उडवत, घाट चढून बळ्ळारीजवळ तोरणगल्लूच्या पोलाद कारखान्यात जातो. वास्को-मुरगावच्या लोकांच्या घरांवर बसणारी काळी धूळ आणि तिच्याविरुद्धची आंदोलनं सगळ्यांना ठाऊक आहेत. तोरणगल्लूच्या भट्ट्यांतून निघणारा स्लॅग तिथेच दळायची सोय 2009 पासून आहे, आणि ते सिमेंट घाट उतरून परत किनाऱ्याला लागतं. वर जाताना धूळ, खाली येताना पोतं.

आणि हवेचाही हिशोब त्याच पोत्यात आहे. साध्या सिमेंटच्या 50 किलोच्या पोत्यात साडेसत्तेचाळीस किलो क्लिंकर, त्यासाठी सत्तरेक किलो दगड, आणि त्या दगडाने सोडलेला सुमारे 25 किलो कार्बन डायऑक्साइड. कोळशाचा धूर वेगळा. भट्टी कितीही सुधारली तरी हे 25 किलो टळत नाहीत, ते दगडाच्या पोटातलेच. ते कमी करायचे तर क्लिंकरच कमी वापरायचं. भाडं वाचवायला सुरू झालेली राखेची आणि स्लॅगची युक्ती इथे अचानक शहाणी ठरते.

पोतं विकत घेताना ते सगळं वाचता येतं, फक्त कोणी वाचत नाही. बाजूला मानकाचा आकडा असतो: 269 म्हणजे साधं, 1489 म्हणजे राखेचं, 455 म्हणजे स्लॅगचं. राखेच्या पोत्यावर राखेचं प्रमाण छापलेलं असतं. आठवडा आणि वर्ष असतं. कारखान्याचं गावही असतं. आत हात घातला की सिमेंट थंड लागायला हवं, चिमटीत पिठासारखं सरकायला हवं. बोटांनी दाबून फुटणारी गाठ चालते, न फुटणारी चालत नाही. जांभ्याच्या जुन्या, चुन्यात बांधलेल्या भिंतीला प्लास्टर करायचं असेल तर ते पोतं बाजूलाच ठेवलेलं बरं. तिथे निव्वळ सिमेंटचा गिलावा भिंतीतली ओल कोंडतो आणि तीन-चार पावसाळ्यांत चिऱ्याच्या वरच्या थरासकट सुटून येतो.